कवी लोक पोटापाण्यासाठी नेमकं काय करतात? नोकरी सोडायच्या विचारात आहे

यार्डातला_दिवाणजी

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय २७, बी.ए. मराठी झालंय आणि गेली चार वर्षं मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सकाळी हळदीचे सौदे असतात, व्यापारी ढिगातनं एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि बोली चालू होते, मी भाव लिहून घेतो आणि मग संध्याकाळपर्यंत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद करायचे, वजन लिहा, हमाली तोलाई वजा करा, सही घ्या. कविता काट्याच्या चिठ्ठीमागं लिहितो, दुसरा कागद त्या वेळी हाताशी नसतो. घरी जाऊन शर्ट धुतला तरी कॉलर पिवळीच राहते.

मागच्या वर्षी संग्रह काढला. प्रकाशकाचं नाव घेत नाही, पण २८ हजार रुपये दिले, ५०० प्रती ठरल्या होत्या, हातात आल्या २१२, बाकीच्या विक्रीला गेल्यात म्हणाला आणि आठ महिने झाले फोन उचलत नाही. त्या २१२ आईच्या कॉटखाली आहेत, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून तिनं वर ताडपत्री घातली आणि चारी बाजूनं खोचून घेतली. ते बघितलं आणि मला रडू आलं.

आता पुण्यातला एक मित्र म्हणतोय ये इकडं, सिरीयलची गाणी लिही, रूमवर जागा आहे. घरात लग्नाचं बघायला लागलेत आणि मुलीकडचे विचारतात मुलगा काय करतो, तर आई सांगते यार्डात आहे, कवितेचं सांगतच नाही. मला प्रेरणा वगैरे नको आहे, माहिती पायजे. आपल्या काळातले, म्हणजे ज्यांना आपण किंवा आपल्या वडिलांनी बघितलंय असे कवी पोटासाठी काय करत होते, काय करतात? आणि नोकरी सोडून कवीच झालेला कुणी आहे का?

गणपती_पेठ

बाळा, मी सांगलीतच राहतो, ३१ वर्षं बँकेत कॅशियर होतो. तुझा प्रश्न मी १९८५ साली स्वतःला विचारला होता म्हणून जरा लांब लिहितो.

आधी अरुण कोलटकर. शेजारच्या कोल्हापुरात जन्म, मुंबईत जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर म्हणून नावाजलेले. इंग्रजीतली 'जेजुरी' १९७६ ची, मराठीतला पहिला संग्रह १९७७ चा, आणि 'भिजकी वही' थेट २००३ साली. मधल्या पंचवीसेक वर्षांत कविता चालूच होती, फक्त पुस्तक काढायची घाई नव्हती. हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण तू २७ व्या वर्षी २८ हजार देऊन बसलास.

नारायण सुर्वे. गिरणी कामगारानं सांभाळलेलं अनाथ पोर, लहानपणी पडेल ते काम, पुढं शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. हाच माणूस १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली आणि त्याच मुंबईतनं १९७२ ला 'गोलपिठा' आला, टॅक्सीच्या काचेतनं जे शहर दिसतं ते प्राध्यापकाच्या खुर्चीतनं दिसलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे. सतीश काळसेकर माझ्यासारखे बँकेतले. पाडगावकर कितीतरी वर्षं अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात नोकरीला होते, लोकांना ते फक्त स्टेजवरचे माहिती. ग्रेस नागपूरला प्राध्यापक. महानोरांनी पळसखेड्याला शेती केली, विधान परिषदेत आमदार होते तेव्हाही पाणी आणि फळबाग हेच बोलत राहिले, शेती काही सोडली नाही. आणि रामदास फुटाणे आधी चित्रकलेचे शिक्षक होते, मग 'सामना' सिनेमा काढला, मग वात्रटिका घेऊन महाराष्ट्रभर फिरले, एकाच माणसाचे हे तीन धंदे.

नुसत्या संग्रहांच्या विक्रीवर घर चालवलेला मराठी कवी माझ्या तरी माहितीत नाही.

आता माझी गोष्ट. मी १९९० च्या सुमाराला लिहिणं थांबवलं, म्हणलं रिटायर झाल्यावर निवांत लिहू. रिटायर झालो, खिडकीशी टेबल लावलं, नवीन पेन आणलं, चार महिने रोज बसलो, एक ओळ नाही. मग २०१९ चा महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या भागातल्या एका वाचनालयाची पुस्तकं बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही पाचसहा जण पुस्तकं वाळवायला गेलो, प्रत्येक पानात वर्तमानपत्राचा तुकडा घालायचा, फुगलेली पानं एकमेकांना चिकटलेली, जोर लावला की फाटायची, म्हणून नखानं हळूहळू सोडवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी हाताला चिखलाचा वास येत होता आणि मला ओळ सुचली, एकोणतीस वर्षांनी. घरी जाईपर्यंत विसरीन म्हणून तिथंच रद्दीच्या कागदावर लिहिली. त्यामुळं नोकरी सोड किंवा धर हे मी सांगणार नाही, पण हाताला काम असू दे आणि लिहायचं पुढं ढकलू नकोस. तुझ्या त्या काट्याच्या चिठ्ठ्या टाकून दिल्या नाहीस ना?

मणेराजुरीची_ताई

काका, लिहिलंय खूप छान, पण तुमच्या यादीत एक पण बाई नाही हे तुमच्या लक्षात आलं का? रागावून नाही म्हणत, मनापासून म्हणते. बाईला हा प्रश्नच कुणी विचारत नाही की तू नोकरी सोडून कविता करणार का, कारण तिचं काम सोडता येतच नाही.

दौंड तालुक्यातल्या बोरीभडकच्या कल्पना दुधाळ बघा, शेतकरी बाई, उसात, भांगलणीत आयुष्य आणि संग्रहाचं नाव 'सिझर कर म्हणतेय माती'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या बेदाणा शेडवर होते. आमच्याकडं द्राक्षं डिपिंगच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात, मग पंधरा एक दिवस वर डोळे लावून बसायचं, आभाळ आलं की पोटात गोळा येतो. त्या शेडवर रात्री राखणीला मी आणि सासूबाई होतो, मोबाईलवर ती कविता वाचली आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही आपल्यातली हाय. तेवढंच म्हणाल्या आणि पुन्हा वाच म्हणाल्या.

लासलगावचे प्रकाश होळकर पण शेतीतलेच, 'कोरडे नक्षत्र' त्यांचा, आणि 'टिंग्या' सिनेमाची गाणी त्यांनी लिहिली. प्रज्ञा दया पवार, नीरजा या प्राध्यापकी केलेल्या. कणकवलीचे अजय कांडर पत्रकार. नागराज मंजुळे तर आता सगळ्यांना सिनेमामुळं माहिती, पण 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह त्यांचा आहे आणि मला विचाराल तर त्या कविता वाचल्यावर 'फँड्री' जास्त कळतो. किशोर कदम नट म्हणून पोट भरतात आणि सौमित्र नावानं लिहितात.

दिवाणजी दादा, पुस्तकाचं ऐकून फार वाईट वाटलं. इथनं पुढं कुणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच असते, हस्तलिखित पाठवायचं, जाणकार वाचतात, निवड झाली तर छापायला अनुदान मिळतं. तुमचं पहिलं पुस्तक आता निघून गेलंय म्हणून तुम्हाला उपयोग नाही, पण हे वाचणारी दुसरी पोरं असतील त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आणि त्या २१२ प्रती ताडपत्रीखाली ठेवू नका ओ, मला दहा पाठवा, आमच्या बचत गटात वाटते, पैसे देऊन घेणार.

साताऱ्याचा_पुण्यात

मी मूळ सातारचा, आठ वर्षं झाली पुण्यात, जिंगल्स, सिरीयलची टायटल साँग आणि दोन सिनेमांची गाणी लिहिलीत, त्यामुळं मित्राच्या ऑफरबद्दल मी बोलू शकतो.

हे काम कसं चालतं ते आधी समजून घे. बहुतेक वेळा चाल आधी तयार असते. संगीतकार मोबाईलवर 'ला ला ला' किंवा काहीतरी डमी शब्द गाऊन पाठवतो, आणि त्या मापात तुला शब्द बसवायचे असतात, कुठं लघु कुठं गुरू ते तोंडानं म्हणून बघायचं, गायकाला लांब सूर धरायचाय तिथं 'ट' किंवा 'क' वर शब्द संपवलास तर तो गाऊच शकत नाही, तिथं आकार ईकार लागतो. एका अंतऱ्याचे मी चौदा ड्राफ्ट दिलेत. हे हलकं काम नाही, मला ते आवडतं, गदिमा आपल्याच माणदेशातले आणि सिनेमाच्या ऑर्डरवर लिहूनसुद्धा त्यांनी काय लिहून ठेवलंय ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण ही तुझी काट्याच्या चिठ्ठीवरची कविता नाही, ते दुसरं शिक्षण आहे.

पैशाचं सांगतो. सुरुवातीला एका निर्मात्यानं सहा गाण्यांचे पैसे बुडवले, लेखी काही नव्हतं. म्हणून कागद केल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. दुसरं, २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून सिनेमातल्या गाण्याच्या गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं त्याचाच राहतो, करारात कुणी काहीही लिहून घेतलं तरी तो सोडून देता येत नाही. त्यासाठी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा मेंबर हो, गाणी तिथं नोंदव. मी पाच वर्षं नोंदवलीच नव्हती.

आणि फक्त गाण्यांवर जगणारे इथं थोडेच. दासू वैद्य गाणी लिहितात पण विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. संदीप खरेंचा 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासून चालला, लोकांनी तिकीट काढून कविता ऐकली, ही मोठी गोष्ट आहे, पण त्यात सलील कुलकर्णींचं संगीत आहे आणि वर्षानुवर्षं गावोगाव केलेले प्रयोग आहेत. हेमंत दिवटेंनी जाहिरातीत नोकरी करत 'अभिधानंतर' हे नियतकालिक चालवलं, स्वतःच्या खिशातनं दुसऱ्यांच्या कविता छापल्या. म्हणजे नोकरी प्रत्येकाला आहेच, कुणाची दिसते, कुणाची दिसत नाही.

माझा सल्ला विचारशील तर लगेच सोडू नकोस. चार गाणी सांगलीतनंच लिहून पाठव, चाल मोबाईलवर येते, त्यासाठी रूमवर यायची गरज नाही. सहा महिन्यात काय होतं बघ. मला मेसेज कर, मी एक जुनी चाल पाठवतो, सराव म्हणून शब्द बसवून दाखव, खरंखुरं मत देईन.

मुक्कामी_गाडी

मी एसटीत कंडक्टर, खटाव तालुक्यातला. फार शिकलेलो नाही. मुक्कामी गाडी असली की रात्री गावात पोचायचं, वेबिल लिहायचं, पैसे मोजायचे आन् मग गाडीतच आडवं व्हायचं. तेव्हा लिवतो. पॅसेंजर काय काय बोलत्यात ते ध्यानात राहतं. एकदा एक म्हातारी हाफ तिकीट मागत हुती, तिला म्हणलं आजी पंचाहत्तरीच्या वर आहे तुम्ही, फुकट आहे तुम्हाला, तर म्हणली फुकट नको बाबा, लेकीकडं निघालेय, तिकीट दाखवीन तिला. त्यावर माझी कविता आहे, आमच्या डेपोच्या कार्यक्रमात म्हणली हुती तर ड्रायव्हर लोकांच्या डोळ्यात पाणी आलं.

मर्ढे गाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं, मर्ढेकर तिथले. आमच्या एका मास्तरांनी सांगितलं की ते रेडिओवर सरकारी नोकरीत हुते आन् त्यांच्या कवितांवर अश्लील म्हणून खटला झाला, त्यातनं सुटले, नोकरी पण केली आन् कविता पण. सरकारी नोकर असून एवढं धाडस. मला लय धीर येतो त्या गोष्टीनं.

दिवाणजी भाऊ, मुलीकडच्यांना आईनं सांगितलं नाही तरी तुम्ही सांगा. माझ्या बायकोला लग्नाच्या आधी एक कविता म्हणून दाखवली हुती मी, बसस्टँडवरच.

यार्डातला_दिवाणजी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोनपर्यंत वाचत होतो, आईला पण काही काही वाचून दाखवलं. कंडक्टर दादांची तिकिटाची गोष्ट ऐकून ती बराच वेळ बोललीच नाही, मग उठून ताडपत्री काढली आणि दहा पुस्तकं मोजून बाजूला ठेवली, मणेराजुरीला पाठवायला. पोस्टाचा खर्च माझा, ताई, पैसे घेणार नाही, वाद घालू नका.

काका, चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, काल मोजल्या, १४० च्या आसपास निघाल्या. बऱ्याच कवितांच्या मागं शेतकऱ्याचं नाव आणि वजन आहे, कुठल्या गावचा, किती क्विंटल, आणि मला कविता वाचण्याआधी तो माणूस आठवतो, एकाच्या हळदीला भाव पडला होता तेव्हा तो पट्टी न घेताच निघून गेला होता, त्या चिठ्ठीमागं माझी चांगली कविता आहे हे मला कालच कळलं. संग्रहात ती घातलीच नव्हती, संग्रहात सगळा पाऊस आणि चंद्र घातला होता.

पुण्याच्या मित्राला सध्या नाही म्हणून कळवलंय. साताऱ्याच्या दादांना मेसेज केलाय, चाल आली आहे, दोन ओळी बसल्यात, तिसरी 'ट' वर अडकलीय.

काका, संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं, कवी सुधांशूंच्या गावचं, दरवर्षी जायचं म्हणतो आणि राहतं. यंदा मालकाकडं सुट्टी मागितलीय. तुम्ही येणार असाल तर मी गाडी घेऊन गणपती पेठेत येतो, सकाळी सातला निघू. तुमची ती रद्दीच्या कागदावरची कविता बरोबर आणा.

गणपती_पेठ

येतो. साडेसहाला ये, थंडी असते, नदीकाठी स्वेटर लागेल. तो पत्र्याचा डबा पण घेऊन ये.