हे विश्व सिम्युलेशन असेल, तर विजेचं बिल कोण भरतंय?

चिलरवाला_महापे
मी महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये चिलर (सर्व्हरचे हॉल थंड ठेवणारी यंत्रं) आणि यूपीएस सांभाळतो. रात्रपाळीचा एक सहकारी आठवडाभर चहाच्या टपरीवर माझं डोकं खातोय, की आपण सगळे कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधली पात्रं आहोत. पुरावा काय? ऐरोली स्टेशनवर एकाच संध्याकाळी एकच माणूस त्याला दोनदा जिना उतरताना दिसला. म्हटलं, अरे बाबा, पाकीट विसरून परत गेला असेल. तर लगेच मस्क पुढे. म्हणे २०१६ मध्ये इलॉन मस्कने सांगितलंय, आपण खऱ्या विश्वात असण्याची शक्यता अब्जांत एक. चाळीस वर्षांत गेम दोन पट्ट्या आणि एका ठिपक्यापासून कुठे पोचले बघा, वगैरे.

माझं म्हणणं साधं आहे. सर्व्हरमध्ये शिरलेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता हॉलबाहेर काढायला पुन्हा वीज लागते. फुकटात काहीच मोजलं जात नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने १९८१ च्या भाषणात नेमकी हीच अडचण मांडली होती: क्वांटम कण (अणू-इलेक्ट्रॉनसारखे सूक्ष्म कण) साध्या कॉम्प्युटरवर उतरवायला गेलात तर एकेका कणागणिक काम दुप्पट होतं. दोनच अवस्था असलेले ३०० कण घ्या, लागणारे आकडे २ चा ३०० वा घात. म्हणजे दिसणाऱ्या विश्वात जितके अणू असतील असा अंदाज आहे, त्याहून कितीतरी जास्त. आमच्या टपरीवरच्या कटिंगमध्ये ३०० पेक्षा थोडे जास्त कण असतात.

घोडबंदर_रोजचा
गेम बनवून पोट भरतो, म्हणून बोलतो. दादा, तुम्ही सगळं विश्व चालवायला निघालात. आम्ही कधीच तसं करत नाही. खेळाडूच्या पाठीमागचा डोंगर कुणी काढत बसत नाही, त्याने मान वळवली की काढायचा. तुमच्या कटिंगमधले कण मोजतंय कोण? वाफ, रंग आणि चटका दिला की झालं.

आणि मस्क सोडा, मूळ मांडणी निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाची, २००३ ची. 'आपण सिम्युलेशनमध्येच आहोत' असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, तीनपैकी एक तरी खरं असणार: एवढी ताकद येण्याआधीच जवळपास सगळ्या संस्कृती संपतात, किंवा ताकद आली तरी पूर्वजांची सिम्युलेशनं चालवण्यात त्यांना रस नसतो, किंवा आपण बहुधा आतच आहोत. त्याने विश्वाचा नाही, मेंदूंचा हिशोब केलाय. ग्रहाएवढा कॉम्प्युटर सेकंदाला १ वर ४२ शून्यं इतक्या क्रिया करेल असं धरलं, तर आजवरच्या सगळ्या माणसांची डोकी चालवायला त्याच्या एका सेकंदाच्या कामाचा दहा लाखावा भागसुद्धा लागत नाही. तुमचं बिल एकदम परवडणारं झालं की!

कळवा_फास्ट
तीन हात नाक्याचा सिग्नल सिम्युलेट करून दाखवा, मग विश्वाचं बोलू.

चिलरवाला_महापे
@घोडबंदर_रोजचा, मान वळवल्यावर डोंगर काढायचा हे मान्य. पण तो डोंगर फोडला तर? ठाणे-वाशी लोकलमधून दिसणारा पारसिकचा काळा दगड घ्या. दख्खनचा हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. थिजताना त्यातले लोहखनिजाचे कण तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावले. त्यावरून कळतं की हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. समुद्राच्या तळावरचे चुंबकीय पट्टे वेगळ्याच लोकांनी वेगळ्याच कामासाठी मोजले, तेही भारत उत्तरेला सरकल्याचंच सांगतात. ऐनवेळी दगड बनवणाऱ्याला आधी दिलेल्या आणि पुढे कधी दिल्या जाणाऱ्या सगळ्या उत्तरांशी मेळ ठेवावा लागेल. हा आळशीपणा स्वस्त कसा?

घोडबंदर_रोजचा
दगड चांगला फेकलात. पण भूगोल एकदाच चालवून सेव्ह करून ठेवला असेल तर?

चिलरवाला_महापे
मग चालवलाच ना! आला का बिलावर परत?

घोडबंदर_रोजचा
बिल आलं, पण कुठल्या दराने? वीज, उष्णता हे नियम आतले. गेममधल्या राक्षसाने माझ्या लॅपटॉपची बॅटरी किती उरलीय हे आतल्या सोन्याच्या नाण्यांत मोजण्यातला प्रकार आहे हा. बाहेरचं भौतिकशास्त्र निराळं असेल तर फाइनमनची अडचण तिथे लागू कशी?

निवृत्त_फिजिक्स
इथेच तुमचा पाय घसरला. बाहेरचे नियम काहीही असू शकतात म्हटलंत की बोस्ट्रॉमचं गणितही गेलं, कारण ग्रहाएवढ्या कॉम्प्युटरचा आकडा त्याने आपल्याच भौतिकशास्त्रावरून काढलाय. दोन्ही हातांत लाडू मिळणार नाहीत.

वर्गात मुलं हा प्रश्न हमखास विचारायची. मी उलट विचारायचो, काय दिसलं तर तू म्हणशील की हे सिम्युलेशन नाही? एकदम शांतता. बोस्ट्रॉमच्या लेखातच पळवाट आहे: कुणाला गडबड दिसलीच, तर चालवणारा त्याचा मेंदू दुरुस्त करू शकतो किंवा काही सेकंद मागे जाऊन पुन्हा चालवू शकतो. ज्या गुन्ह्यातला साक्षीदारही आरोपीनेच लिहिलाय, तो खटला चालवायचा कसा?

एक प्रामाणिक प्रयत्न मात्र झाला. २०१२ मध्ये बीन, दावूदी आणि सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी म्हटलं, की सिम्युलेशनमध्ये अवकाश जाळीच्या चौकटींवर मांडलेलं असेल, तर अतिप्रचंड ऊर्जेचे वैश्विक किरण सगळ्या दिशांनी सारखे येणार नाहीत, जाळीच्या अक्षांचा ठसा दिसेल. हे तपासता येतं, म्हणून मला आवडलं. पण ठसा नाही दिसला तर एवढंच कळणार, की जाळी असलीच तर फार बारीक आहे.

कोपिनेश्वर_गल्ली
हे सगळं आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय. माया! दोरीवरचा साप. उगाच परदेशी नावं कशाला?

नौपाडा_वाचक
दादा, जरा थांबा. माझं ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चं वाचन चालू आहे, म्हणून राहवत नाही. सिम्युलेशनला बाहेर एक यंत्र लागतं आणि ते चालवणारा दुसरा कुणीतरी. अद्वैतात दुसरं काही नाहीच, तीच तर सगळी गोम. आणि आपल्याकडे यावर एकमत होतं असं कोण म्हणालं? ज्ञानेश्वरांनी त्याच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचं खंडन केलंय, आणि तेच सगळ्यात लांबलचक आहे. जग म्हणजे अज्ञानातून दिसलेला भास नव्हे, चैतन्याचाच विलास. दागिना सोन्याचा म्हणून दागिना खोटा होत नाही. डेव्हिड चाल्मर्स हा तत्त्वज्ञ २०२२ च्या पुस्तकात म्हणतो, सिम्युलेशनमधलं टेबलही खरंच टेबल, फक्त ते बिटांचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या शून्य-एकांचं. दोघं एकच सांगतात असं मी म्हणणार नाही. पण 'आत आहोत म्हणजे सगळं खोटं' ही उडी दोघंही घेत नाहीत. ती तुम्ही घेताय.

चिलरवाला_महापे
ताई, हे नवीन कळलं. मास्तर, 'काय दिसलं तर' हा प्रश्न आज टपरीवर नेतो.

रात्रपाळी_२
तो सहकारी मीच. काल त्या माणसाला थेट विचारलं. पाकीट वगैरे काही नाही, जुळा भाऊ आहे त्याचा. कॉपी-पेस्टच ना शेवटी?