चाकं फिरताच आर्डुइनो रीसेट होतोय? आधी बॅटरी बदला
छोट्या रोबोट गाडीची मोटर सुरू झाली की आर्डुइनो (गाडीला आज्ञा देणारा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) रीसेट होतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असं एकाने विचारलंय आणि त्यावर कोड तपासायचा सल्ला आलाय. मला तरी दोष गाडीला लावलेल्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत दिसतो. तिचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे मोटरने सुरुवातीचा करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावा, ७.४ व्होल्ट मिळतील. त्यातले सुमारे २ व्होल्ट एल२९८एन ड्रायव्हर (मोटरना करंट पुरवणारा बोर्ड) खातो, पण पिवळ्या बीओ मोटरना (गिअर असलेल्या छोट्या स्वस्त मोटर) उरलेले पुरतात. ड्रायव्हर आणि आर्डुइनोचा ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडाच. शिवाय प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ छापलेला (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. मोटरच्या आतल्या ब्रशच्या ठिणग्यांचा नॉइज (विद्युत गडबड) तिथेच दबतो. सेलवर मात्र थेट सोल्डरिंग अजिबात नको, होल्डर घ्या.