दिवाळीत दापोलीला सायकल: पुण्याहून न्यावी की घरची जुनीच चालती करावी?

प्रश्न (पेडल_कोथरूड)

नमस्कार मंडळी,
दिवाळीचे पाच दिवस सासरी दापोलीला असणार आहे. घर गावाबाहेर सड्यावर (जांभ्याच्या उंच माळावर) आहे, समुद्राकाठी नाही. माझी हायब्रिड आहे: ७०० × ३८ चे टायर, पुढे २८-३८-४८ दातांची चक्रं, मागे सर्वांत मोठं चक्र ३४ दातांचं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. पुण्यात रविवारी ३०-४० किलोमीटर होतात. गाडी हॅचबॅक, जाणारे चौघं आणि फराळाचे डबे. सासरी पडवीत २८ इंची जुनी डबल बार उभी आहे, बरीच वर्षं कोणी चालवलेली नाही.

सायकल न्यायची तर कशी? जुनी चालू होईल का? सकाळी दोन-अडीच तासांत जाऊन येण्यासारखा रस्ता कोणता? आणि वाळूवर चालवली तर सायकलचं काय होतं?

उत्तर १ (चेन_आणि_ग्रीस)

चौघं असाल तर मागची सीट पाडता येणार नाही, म्हणजे डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा कॅरियरच लागेल. त्याचे हूक पत्र्याच्या कडेला अडकवा. प्लास्टिकच्या स्पॉयलरला अडकवले तर तो तुटतो. सायकल बांधून झाली की दहा पावलं मागे जाऊन बघा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. पुढचं चाक मोकळं ठेवलं तर वाऱ्याने फिरत राहतं, हँडल वळून काच फोडतं. चाक फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. ताम्हिणी उतरून माणगावला चहाला थांबाल तेव्हा सगळे पट्टे पुन्हा ओढा. नवीन पट्टा पहिल्या तासा-दोन तासांत हमखास सैल पडतो.

दोघंच जाणार असाल तर सायकल आत न्या, तेच चांगलं. आधी मागचा गिअर सर्वांत लहान चक्रावर आणा, मग मागचं चाक काढा. चेन सैल असते आणि चाक सहज निघतं. चेनची बाजू वर करून जुन्या चादरीवर आडवी ठेवा. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) खाली दाबला गेला तर त्याचा हँगर (तो फ्रेमला धरणारी पट्टी) वाकतो, आणि मग चढावर मोठ्या चक्रावर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एकच मोठी चूक होते. चाक काढलेलं असताना कोणीतरी, बहुधा लहान मूल, ब्रेकचा दांडा दाबतं. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा. तरीही चिकटलेच तर टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू फाकवा, स्क्रू-ड्रायव्हरने नको.

तुमच्या मापाच्या दोन ट्यूब, ठिगळं, सोल्यूशन आणि पंप सोबत असू द्या. तालुक्याच्या गावात २६ आणि २८ ची ट्यूब मिळते. ७०० ची, त्यातही बारीक वॉलची (वॉल म्हणजे हवा भरायचं तोंड), मिळेलच असं धरून चालू नका.

उत्तर २ (डबलबार)

जुनी सायकल जरूर चालू करा. फक्त तिला घाटात नेऊ नका, कारण पुढे येतं.

आधी टायर बघा. बाजूच्या भिंतीला बोटाने दाबल्यावर भेगा उघडत असतील तर टायर-ट्यूब दोन्ही बदला. भेगा नसतील तर बऱ्याचदा दोष फक्त वॉलमधल्या रबरी नळीचा असतो. ती वाळून चिरते आणि हवा धरत नाही. नवी नळी बोटभर कापून थुंकी लावून चढवली की काम झालं. तुमच्या पंपाचं बारीक वॉलचं तोंड या वॉलला चालतं, वेगळा पंप नको.

मग क्रँक (पेडलचा दांडा). पेडल मारताना दर फेऱ्याला एकदा टक्-टक् आवाज आला तर कॉटर पिन (क्रँक आसाला धरून ठेवणारी खीळ) सैल आहे. नट आवळून आवाज थांबला तर ठीक. नाहीतर पिन घासलेली असते आणि ती बदलावीच लागते. तशीच चालवली तर क्रँकचं भोकही खराब होतं. चाक आऊट असेल (डगमगत फिरत असेल) तर दुकानात आऊट काढून घ्या. त्याच फेरीत ओव्हरहॉलिंगही करून घेणं उत्तम, पण वसुबारसेच्या आधी. ऐन दिवाळीत दुकान उघडं मिळेलच असं नाही.

तेल: घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून चेनला तेच लावलं जातं. ते थंडीत गोठतं, धूळ धरतं आणि चिकटा होतो. फ्रीव्हीलमध्ये (मागच्या दातेरी चक्रात) शिलाई मशीनचं तेल चार-पाच थेंब सोडा, चेनला चेनचं तेल लावा आणि वरचं फडक्याने पुसून काढा.

आता घाटात का नको. या सायकलला साधारणपणे पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पेडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर जाते. तुमची हायब्रिड २८-३४ वर दोन मीटरही जात नाही. म्हणजे त्याच चढाला पायावर जवळजवळ तिप्पट जोर. उतारावर तर आणखी वाईट: रॉडच्या ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या बाजूला घासतात, आणि दवाने रिम ओली असली की ब्रेक लागतच नाही.

उत्तर ३ (सडा_ते_खाजण)

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे. त्यामुळे समुद्राकडचा कुठलाही रस्ता आधी उतरतो आणि परतीला चढतो. पुण्यातून सिंहगडाकडे गेलात तर दमल्यावर उतार मिळतो, इथे दमल्यावर चढ मिळतो. अर्धं पाणी आणि अर्धी ताकद खाली पोचेपर्यंत राखून ठेवा.

अंतरं साधारण अशी: लाडघर १०, मुरूड १२-१३, हर्णै १५-१६ किलोमीटर. दोन-अडीच तासांसाठी मुरूड बरोबर बसतं. नकाशात दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं मुरूड निवडा, नाहीतर रायगडातलं जंजिऱ्याचं मुरूड लागतं. सहाला निघा, पुढे-मागे दिवा लावून. खाली जायला ४० मिनिटं, किनाऱ्यावर अर्धा तास, वर यायला सव्वा तास. साडेआठला घरी.

उतारावर वळणाच्या आतल्या कडेला जांभ्याची बारीक खडी आणि लाल माती साचलेली असते. वेग वळणाआधी कमी करा. वळणात ब्रेक दाबला की मागचं चाक निसटतं. झाडांच्या सावलीत पावसाळ्याचं शेवाळ अजून असतं. भातकापणीचे दिवस आहेत, भाऱ्याखाली माणसाला बाजूचं दिसत नाही, म्हणून लांबूनच घंटी वाजवा.

वाळूवर जायचं तर तिथीने ठरवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि ओहोटी तिच्या सुमारे सहा तास आधी. पाडव्याला, म्हणजे प्रतिपदेला, एकाची पाऊणपट, भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेसातला. भाऊबीजेला दोनाची पाऊणपट दीड, ओहोटी साडेसातला. अर्धा तास इकडेतिकडे होतो. अमावस्येच्या आसपास उधाण असतं, त्यामुळे ओहोटीला पुळण (किनाऱ्याची वाळू) रुंद आणि घट्ट मिळते. हे दोन दिवस वाळूसाठी, आणि नरकचतुर्दशीला घरीच थांबा. अभ्यंगस्नानाच्या वेळी सून रस्त्यावर असणं बरं दिसणार नाही.

ओल्या, कडक वाळूवरच चालवा. वऱ्हळ (समुद्राला मिळणारा ओहोळ) आडवा आला तर उतरून सायकल उचलून न्या. बॉटम ब्रॅकेटपर्यंत (क्रँकचा आस फिरतो त्या नळीपर्यंत) खारं पाणी गेलं तर महिन्या-दोन महिन्यांत बेअरिंग कुरकुरायला लागतं. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याच्या दोन बादल्या तांब्याने ओता, नळीचा जोरदार फवारा मारू नका, कारण वाळू बेअरिंगमध्ये ढकलली जाते. चेन पुसून, उन्हात वाळवून मगच तेल. वाळूसकट तेल लावलं तर चेन आणि चक्रं कानसल्यासारखी झिजतात.

पेडल_कोथरूड

खूप आभार, कॅरियरवरच नेते. भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याची २० इंची आहे, गिअर नाही. त्याला मुरूडला बरोबर घेऊ का?

सडा_ते_खाजण

घाटाने नको. उतारावर त्याच्या छोट्या हातांना सलग ब्रेक धरून ठेवता येत नाही, आणि परतीचा चढ बिनगिअरच्या सायकलवर होणार नाही. घरचं कोणीतरी त्याला आणि सायकलला गाडीने मुरूडला आणू दे. पोफळीच्या वाड्यांमधला गावातला रस्ता सपाट आहे, तिथे आणि पुळणीवर त्याला मनसोक्त फिरवा. निघण्याआधी त्याच्या सीटची उंची तपासा: सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. परतताना त्याची सायकल गाडीत आणि तुम्ही चढावर.