गुडघ्याची गादी फाटली म्हणजे ऑपरेशन आलंच?

एमआरआयमध्ये गुडघ्याची गादी (मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची चकती) फाटलेली दिसली म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन (गुडघ्यात दुर्बीण घालून गादीचा फाटका भाग कापून काढतात ते) आलंच, असं एकांचं म्हणणं वाचलं. खेळताना किंवा अपघातात फाटली असेल तर गोष्ट वेगळी. पण वयानुसार झिजून फाटलेल्या गादीबाबत हे पटत नाही. फिनलंडमध्ये अशाच १४६ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. दुर्बीण सगळ्यांच्याच गुडघ्यात घातली, पण जवळपास निम्म्या लोकांची गादी कापलीच नाही, नुसतं नाटक केलं. हत्यारं मागायची, गुडघा हलवायचा, वेळही तेवढाच काढायचा! (रुग्णांची संमती आधीच घेतलेली, बरं का.) वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

शिवाय अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशी गाठलेल्या लोकांचे, गुडघा दुखो न दुखो, सरसकट एमआरआय काढले होते. २००८ च्या त्या अभ्यासात गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. आमच्या आईच्या रिपोर्टातही दोन्ही गुडघ्यांच्या गाद्या फाटलेल्या निघाल्या. दुखतो मात्र फक्त डावा.