हृदयरोगी गर्भवती: लगेच रेफर करायचं की इथेच बाळंतपण?

धागाकर्ती (वैद्यकीय अधिकारी, मेळघाट)
गेल्या महिन्यात रात्री दोनला एक बाई आली. आठवा महिना. आडवं पडवत नव्हतं म्हणून नवऱ्याच्या छातीला टेकून बसलेली, ओठ निळसर. कार्डावर चार वेळच्या तपासण्या: दर वेळी वजन, बीपी, हिमोग्लोबिन. छातीला स्टेथोस्कोप लावल्याची एकही नोंद नाही. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, हे आईने सांगितलं आणि उलगडा झाला. त्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली. पुढे इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) तेच निघालं.

अमरावती चार तासांवर, वाटेत घाट. बसतं ठेवलं, ऑक्सिजन लावला, फ्युरोसेमाइड (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध) शिरेतून दिलं, सलाईन बंद केलं. दम उतरल्यावरच १०८ मध्ये चढवलं. वाचली. नुसती चिठ्ठी लिहून पाठवली असती तर घाटातच गेली असती. म्हणून म्हणते, ज्यांचा आजार सौम्य आहे त्यांचं बाळंतपण इथेच करू द्या.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, जिल्ह्याचं ठिकाण)
मॅडम, सावरून पाठवलंत ते उत्तम केलंत. पण बाळंतपण तिथे नको. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्के वाढतं आणि वार पडली की गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे धावतं. सकाळी हसत बोललेली बाई रात्री फेसाळ थुंकीने कोसळलेली मी पाहिली आहे. पुढचे तीन दिवस तिच्या उशाशी कोण बसणार? रात्रपाळीला सिस्टर एकच. तिने सवयीने मेथर्जिन (बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, हृदयरोगात धोक्याचं) टोचलं तर?

प्रतिसाद (आशा कार्यकर्ती)
सर, अमरावती म्हटलं की घरचे विचारतात, राहायचं कुठे, पोरं कोण बघणार? आमच्या ढाण्यातल्या (वस्तीतल्या) एकीने चिठ्ठी घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली. घरीच बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी गेली. चिठ्ठी अजून पेटीत आहे.

धागाकर्ती
मेथर्जिनचं पटलं. उद्यापासून अशा कार्डांवर लाल शाईने लिहिते. पण दर महिन्याच्या ९ तारखेच्या मातृत्व अभियानात (गरोदर बायांच्या तपासणीत) प्रत्येकीची छाती ऐकली तर ही बाई पाचव्या महिन्यातच सापडते. तेव्हा झडप फुग्याने रुंद करायला वेळ असतो. आठव्या महिन्यात मध्यरात्री सगळंच निसटतं.

भूलतज्ज्ञ
याला माझा पूर्ण पाठिंबा. बाळंतपणाबद्दल मत तेच. मग माहेरघर (गरोदर बायांनी बाळंतपणाआधी येऊन राहायची सरकारी सोय) जिल्हा रुग्णालयाला जोडून हवं, शेवटचा महिना तिथेच काढायचा.

आशा कार्यकर्ती
सासूला आणि धाकट्या पोराला तिथे जागा द्या सर, मी स्वतः घेऊन येते.