मदत हवी आहे: बाटलीच्या झाकणावर माणूस उभा करायचा फोटो कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात सहकुटुंब दिवेआगरला जातोय. मुलांचं फर्मान निघालंय की आईच्या तळहातावर बाबा, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर आजोबा आणि चपलेखाली चिरडली जाणारी आत्या असे फोटो हवेतच. फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात तो प्रकार, म्हणजे जवळची वस्तू मोठी आणि लांबचा माणूस छोटा दाखवून डोळ्यांना फसवायचं. आजोबा मुलांपेक्षा जास्त उत्साहात आहेत.

घराजवळच्या मैदानावर थोडी रंगीत तालीम केली. तळहाताचा फोटो बरा येतो, बाटलीचा मात्र काही केल्या जमत नाही. बाटली फोटोच्या तळाशी आणि आजोबा पार वरच्या कडेला, दोघांची ओळखच नाही जशी. शिवाय बाटली स्पष्ट आली की आजोबा धूसर, आजोबा स्पष्ट आले की बाटली धूसर. मागच्या माणसाला किती लांब पाठवायचं याचाही काही हिशेब असतो का, की नुसतं 'अजून मागे, अजून मागे' ओरडत राहायचं?

हाताशी एक फोन आहे (साधी आणि अल्ट्रावाइड अशा दोन लेन्सचा) आणि एक जुना डीएसएलआर, १८-५५ लेन्सवाला. फोटोशॉपने चिकटवाचिकटवी करायची नाही, ती मुलं लगेच पकडतात. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

फोटो उभ्याने काढला ना? गोम तिथेच आहे. या प्रकारात सगळे अंतराच्या मागे लागतात, पण खरा खेळ कॅमेऱ्याच्या उंचीचा असतो.

सपाट जागेवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं. लांबच्या माणसाचे पाय क्षितिजाच्या अगदी जवळ येतात, जवळच्या वस्तूचा तळ खूप खाली जातो. कॅमेरा दीड मीटरवर धरला की ही तफावत प्रचंड होते, म्हणून तुमचे आजोबा वर उडाले. तळहाताचा फोटो बरा आला कारण हात मुळातच डोळ्यांच्या आसपासच्या उंचीवर होता.

झाकणावर उभं करायचं तर कॅमेरा झाकणापेक्षा किंचितच वर हवा. समजा बाटली २५ सेंटिमीटर उंच, कॅमेऱ्यापासून १ मीटरवर, आणि आजोबा ११ मीटरवर. मग कॅमेरा वाळूपासून साधारण २७-२८ सेंटिमीटरवर धरला की पाय बरोबर झाकणावर टेकतात. बाटलीच्या शेजारी, तिच्याच जमिनीवर उभं दाखवायचं असेल तर कॅमेरा जवळजवळ वाळूवरच टेकवा. फोन उलटा धरला की लेन्स खाली येते, ते सोपं पडतं.

अंतराचा हिशेब अगदी सरळ आहे. माणूस जितक्या पट लांब, तितक्या पट लहान. १६५ सेंटिमीटरचा माणूस कॅमेऱ्यापासून बाटलीच्या ११ पट अंतरावर गेला की बाटलीच्या मापाने १५ सेंटिमीटरचा दिसतो. ओरडायची गरज नाही, पावलं मोजून पाठवा.

प्रतिसाद २

धूसरपणाबद्दल. डीएसएलआर घ्या, लेन्स १८ वर (म्हणजे सर्वात रुंद), ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान आणि जवळचं-लांबचं जास्त स्पष्ट) एफ ११, आणि फोकस मॅन्युअल करून साधारण दीड मीटरवर ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा) असेल (१८-५५ लेन्स बहुधा त्याच कॅमेऱ्यांसोबत येते), तर पाऊण मीटरच्या थोडं पुढून अनंतापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येईल. ऑटोफोकसवर सोडलंत तर तो बाटली किंवा आजोबा यांपैकी एकालाच धरणार. एफ २२ पर्यंत जाऊ नका, तिथे सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

फोनवर पोर्ट्रेट मोड आधी बंद. बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे अल्ट्रावाइड लेन्स वापरणं हाच सोपा उपाय. तिच्यात जवळचं आणि लांबचं एकत्र स्पष्ट येतं. बाटली मात्र फोटोच्या कडेला ठेवू नका, ताणल्यासारखी दिसते.

प्रतिसाद ३

समुद्राकडे तोंड करून काढू नका. वाळूला पाण्याच्या दिशेने उतार असतो, त्यामुळे मागचा माणूस खाली जातो आणि वरची सगळी गणितं चुकतात. किनाऱ्याला समांतर काढा, बाटली आणि आजोबा पाण्याच्या रेषेपासून सारख्याच अंतरावर. दिवेआगरचा किनारा सुमारे चार किलोमीटर सरळ आहे, जागेची ददात नाही. फक्त सुरूचं बन फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

ओल्या, घट्ट वाळूसाठी ओहोटी गाठा. आमच्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पाणी सर्वात लांब जातं, पण ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला येते आणि तेव्हा सावल्या लांब पडतात. तळहातावरच्या बाबांची सावली मागे वाळूवर पसरलेली दिसली की संपलं. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास, सावल्या पायाशी. किनारा थोडा कमी उघडा पडतो, पण या कामाला मी अष्टमीच निवडेन. ऊन लागतं, टोपी न्या.

आजोबांना जागेवर पाठवताना मोठा वळसा घालून पाठवा. बाटलीपासून त्यांच्यापर्यंत पावलांची रांग उमटली तर फोटो बघणारा तीच वाट धरून चालत जातो.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर. रोममध्ये पालात्सो स्पादा नावाच्या वाड्यात बोरोमिनीने सतराव्या शतकात एक खांबांची ओळ बांधली आहे. जेमतेम आठ-नऊ मीटरची, पण दिसते कितीतरी लांब, कारण खांब मागे मागे लहान होत जातात आणि जमीन चढत जाते. टोकाचा पुतळा पुरुषभर उंच वाटतो, असतो साधारण ६० सेंटिमीटरचा. पण आत कुणी चालत गेलं की भांडं फुटतं, कारण माणूस जाता जाता राक्षसासारखा मोठा दिसू लागतो. तेव्हा वर सुरूबद्दल लिहिलंय त्याला +१. घोडागाडी, कुत्रा, शहाळेवाला, मापाचा अंदाज येईल असं मध्ये काहीही नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! उंचीचं डोक्यातच आलं नव्हतं. आता गच्चीवर तांब्या आणि मुलगा घेऊन करून पाहिलं, मुलगा खरंच तांब्यावर उभा राहिला. दिनदर्शिका बघितली, आम्ही पोचतो त्या दिवशी नवमी आहे, म्हणजे ओहोटी पाऊण-एकच्या सुमारास. चपलेचं तेवढं सांगाल का कुणी? आत्या विचारतेय.

प्रतिसाद १

चप्पल घालणाऱ्याने वाळूत बसून पाय पुढे करायचा, तळवा कॅमेऱ्याकडे, कॅमेऱ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर. कॅमेरा वाळूपासून १० सेंटिमीटरवर, आत्या १० मीटरवर, हात वर करून घाबरलेली. चपलेची खालची कड वाळूपासून वीतभर उचलली की ती तिच्या डोक्याला लागते, पुढचं स्क्रीनवर बघत जुळवा. इथे वस्तू फारच जवळ आहे, म्हणून डीएसएलआरवर एफ १६ आणि फोकस १ मीटरवर. आत्यांना स्वतःला काहीच दिसत नसतं आणि वाऱ्यात ऐकूही येत नाही, तेव्हा डावी-उजवीकडे सरकायच्या खुणा आधीच ठरवून घ्या. आणि चपलेचा तळ आधी धुऊन घ्या, फोटोत सगळ्यात मोठा तोच दिसणार आहे.