मदत हवी आहे : भातसाच्या उतरलेल्या पाण्यात गळ कुठे टाकावा?

मी कळव्याचा. शहापूरकडच्या भातसा जलाशयाचं पाणी मे महिन्यात बरंच खाली गेलंय, काठाला नुसता चिखल. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून रोहू-कटला दुपारी खोलात जाणार हे कळतं. पण पहाटे ते काठाशी चरायला येतात का, की जुन्या नदीपात्राच्या कडेलाच बसावं? कणकेच्या गोळ्याला लहान चिलापीच टोचून जातात, फार वैताग येतो. शेंगदाण्याची पेंड मिसळली तर फरक पडतो का? मरळ श्वासाला वर येते, तिला गांडूळ लावू की रबरी बेडूक? पिल्लं राखणारी मरळ मात्र मला धरायची नाही. आणि परवानगी कोणाकडे मागायची? तिकडे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगा.